मी लिहिलेलं पाचवं मूल्य

वलवणच्या आमच्या पाळणाघरात भिंतीवर जी सहा मूल्यं लावली आहेत ती माझी आहेत. म्हणजे मी लिहिलेली आहेत, माझ्या अंगात आहेत असं नव्हे.

मी लोणावळ्यात शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे कुठं पाटी लावायची असली की लोक माझ्याकडे येतात आणि मी आढेवेढे घेते, पण फार नाही. पाळणाघर चालवणाऱ्या मंदाताई म्हणाल्या, आपल्याकडे सगळी मुलं एकाच सतरंजीवर बसतात. चालता न येणारी, बोलता न येणारी, डॉक्टरांची, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बायकांची. तेवढं चार ओळींत लिहून द्या. मी सहा मूल्यं दिली! त्या आठवड्यात घरी आमटी-भाताखेरीज काही शिजलं नाही. पाचवं मूल्य माझं विशेष लाडकं. एका मुलाकडून दुसऱ्याला इजा झाली तर दोघांच्या पालकांना सांगायचं, पण समोरच्या मुलाचं नाव कुणालाही सांगायचं नाही. कुठल्याच लेकरावर शिक्का बसता कामा नये. (हे मी नवऱ्याला, म्हणजे अभयला, दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा तो खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, भारावलाय.)

पाटी लागून महिनाही झाला नसेल. एका शुक्रवारी आमच्या मल्हारला, वय वर्षं चार, आंघोळ घालताना त्याच्या हातावर दातांचे वळ दिसले. माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, कोण चावलं? तो साबणाचे फुगे करत राहिला. मग मीच विचारलं, गौरी चावली का? तो हो म्हणाला. झालं, पुरावा मिळाला. (पुढं मी त्याला दूधवाले काका चावले का, असंही विचारून पाहिलं. त्यालाही तो हो म्हणाला. पण ते फार उशिरा सुचलं.)

गौरीच का, हे सांगताना आजही मान खाली जाते. गौरी बोलत नाही. गलका झाला की कान दाबून कोपऱ्यात बसते. जिला तोंडानं बोलता येत नाही ती तोंडाचा दुसरा काय उपयोग करणार, असं मला वाटलं. सहा मूल्यं लिहिणाऱ्या बाईला हे वाटलं! तिची आई सुनीता नवऱ्याबरोबर मळवलीला एका बंगल्याची राखण करते आणि सकाळी लोणावळ्यात हॉटेलच्या खोल्या साफ करायला येते. दोन बालवाड्यांनी गौरीला नाही म्हटल्यावर मंदाताईंनी घेतलं, म्हणून सुनीताची ती नोकरी टिकली होती. हे सगळं मला ठाऊक होतं.

मल्हारला रोज घरी आणतो अभय. त्याला मी विचारलं, मंदाताई काही म्हणाल्या का? तो म्हणाला, मुलं चावतात गं या वयात. आणि काल पुसलेली गाडी पुन्हा पुसायला निघून गेला.

शनिवारी पालकसभा होती. मी आधी मंदाताईंकडे नाव मागितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, पाचवं मूल्य. मी म्हटलं, ते मीच लिहिलंय, मीच बदलते. अभय माझी ओढणी ओढायला लागला. मला वाटलं, पाठिंबा देतोय. मला जास्तच चेव आला. मी कुणाचंही नाव न घेता (केवढं ते सौजन्य!) म्हणाले की ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांची सोय वेगळी असावी आणि जे मूल चावतं त्याला महिनाभर घरी ठेवावं. सगळ्यांच्या माना सुनीताकडे वळल्या. ठरावाला भराभर हात वर झाले. एकट्या अभयचे दोन्ही हात मांडीखाली होते.

सुनीता गौरीचा हात धरून उठली. फळीवरून तिनं गौरीच्या चपला काढल्या, तिचं दप्तर घेतलं.

"माझी गौरी चावत न्हाई," ती म्हणाली. "पन तुमाला भ्या वाटतंय तर सोमवारपास्नं न्हाई आनत मी तिला."

"सुनीता, थांब," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी अभयकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, अभयकडे.

चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माझा नवरा उभा राहिला. "चावणारा मल्हार आहे," तो म्हणाला.

मी मास्तरीण, लगेच सुधारलं. "मल्हारला चावलंय, असं म्हणायचंय त्याला."

"नाही," अभय म्हणाला, "मल्हारच."

मग त्याच्या परवानगीनं मंदाताईंनी वही उघडली. मल्हार तीन मुलांना चावला होता. तिन्ही वेळा अभयला बोलावून सांगितलं होतं, वहीत त्याच्या सह्या होत्या. चौथ्या वेळी त्यांनी मल्हारला वेळीच धरलं, तर त्यानं रागानं स्वतःचाच हात चावला. मी अभयला म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, पहिल्या वेळी तू मूल्यं लिहीत होतीस, म्हटलं आधी ती होऊ देत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी दरवर्षी शिकवते. तरीही.

पण खरं मेले मी मंदाताईंच्या पुढच्या वाक्यानं. ज्या तिघांना मल्हार चावला होता त्यांतली एक गौरी होती. आपली लेक कुणाच्या तरी दातांनी रडली, हे सुनीताला पंधरा दिवस माहीत होतं. तिनं नाव विचारलं नव्हतं. ते माहीत झाल्यावर आपण त्या पोराला धड बघणार नाही, असं ती मंदाताईंना म्हणाली होती.

कुणीतरी हळूच विचारलं, मग ठरावाचं काय? ठराव माझा, मुलगा माझा. महिनाभर घरी! सुनीताच म्हणाली, "कशाला काढताय त्याला? ल्हान हाय. आमची गौरी बी नवी आलती तवा समद्यांचे केस वढायची."

ठराव बारगळला. सगळे गेल्यावर मी सुनीतापुढं उभी राहिले. माफीवर मी शाळेत निबंध लिहून घेते, पण मला धड एक वाक्य जमलं नाही, नुसतं रडू फुटलं. गौरी कान दाबून आईच्या मागं लपली. सुनीता चपला परत फळीवर ठेवत म्हणाली, "बाई, रडू नका. हितं समद्यांनाच संभाळून घेत्यात."

ती मल्हारबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.