काजवालीसाठी पुस्तक

काजवालीच्या मुलाचा फोन आला, तेव्हा रेडिओ खिडकीशी बसून जुन्या चादरीला ठिगळ लावत होती. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिलाही होतंच, पण शिवणखोलीत ज्या नावाने हाक मारली गेली तेच अंगाला चिकटलं. शिवणखोली बंद पडूनही बरीच वर्षं लोटली होती. तरी जुनी एखादी मैत्रीण बाजारात भेटली की “काय गं रेडिओ, बॅटरी शाबूत आहे ना?” असंच विचारायची, आणि तीही खुशाल ओ द्यायची.

मुलगा सांगत होता ते असं. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, आता घरी आहे, पण अंथरुणावरच. नाताळच्या सुट्टीत त्याला बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला जाणं भाग होतं, सासऱ्यांचं दुखणं विकोपाला गेलं होतं. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन सगळं करून जाते, पण रात्रंदिवस जवळ आपलं माणूस हवं. कुणाला बोलवू, असं विचारल्यावर आईने तुमचंच नाव काढलं, म्हणाला.

रेडिओची सुई चादरीत तशीच राहिली. मुलगा जरा घुटमळला.

“मावशी, अजून एक सांगितलंय तिने. यायला सांग, पण पुस्तक आणू नको म्हणावं.”

“थट्टेने म्हणाली?”

“नाही हो. थट्टा नव्हती ती.”

रेडिओने येते म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन वाचनालयाची वाट धरली. ती भावाकडेच राहायची; निघताना वहिनीने टोमणा मारलाच, की नको म्हटलेलं घेऊन जायची हौस फक्त हिलाच. रेडिओलाही ते पटत होतं. पण रिकाम्या हातांनी काजवालीच्या खाटेशी बसायचं म्हणजे काय करायचं, हे तिला खरोखर ठाऊक नव्हतं. त्या दोघी आयुष्यभर एकमेकींशी जे बोलल्या, त्यातलं निम्मं तरी पुस्तकातलं होतं.

शिवणखोली म्हणजे एका दुकानावरची लांबट खोली. खाली मशिनं चालायची, वर हाताचं काम. कोटांची अस्तरं, गणवेशांच्या दुमडी, काज, बटणं, हुक. हात गुंतलेले आणि कान मोकळे, असा दहाबारा बायकांचा घोळका. कोपऱ्यात एक खराखुरा रेडिओ होता. तो एके दिवशी घशात काहीतरी अडकल्यासारखा खरखरला आणि बंद पडला. मालकीणबाईंनी दुरुस्तीला पाठवते म्हणून सांगितलं आणि पाठवला नाही. त्या सुनसान आठवड्यात एका नव्या मुलीने दोऱ्याची रिळं ज्यात बांधून आली होती तो वर्तमानपत्राचा कागद उलगडला आणि त्यावरची अर्धी फाटलेली गोष्ट मोठ्याने वाचली. आवाज असा, की मशिनांच्या घरघरीवर तरंगत खोलीच्या टोकापर्यंत जावा. गोष्ट फाटलेल्या ठिकाणी संपली, तेव्हा सगळ्या जणी तिच्यावर रागावल्या, जणू तिनेच ती फाडली होती.

तिथून ती रेडिओ झाली. मालकीणबाईंची अट एकच होती, काम मागे पडता कामा नये. मग तिच्या वाटणीच्या दुमडी बाकीच्यांनी आपापसांत उचलल्या. सगळ्यांत जास्त उचलल्या काजवालीने. ती रेडिओच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. तिने केलेलं काज मिटलेल्या डोळ्यासारखं दिसायचं, कुठे एक टाका वर नाही की खाली नाही. गोष्ट रंगात आली की तिचा दोरा आखूड आखूड ओढला जायचा, आणि रेडिओला त्या ओढण्याच्या आवाजावरून कळायचं, की आता थांबायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा.

फाटक्या कागदांच्या जागी लवकरच वाचनालयातली पुस्तकं आली, आणि पुस्तकाबाबत नियम एकच होता. ते घरी न्यायचं नाही. संध्याकाळी ते कपाटात, अस्तराच्या ताग्यामागे जायचं. पुढचं सगळ्यांना एकदमच कळलं पाहिजे. नाताळची सुट्टी लागायची तेव्हाही पुस्तक तिथेच कुलपात पडून राहायचं, आणि म्हणूनच सुट्टीसाठी प्रत्येकीला आपलं वेगळं पुस्तक लागायचं.

शेवटच्या दिवशी अर्ध्या दिवसाने काम सुटलं की सगळी वरात वाचनालयात. तेव्हाचे ग्रंथपाल या बायका दारात दिसल्या की नोंदवहीत डोकं खुपसून बसायचे. एकीला खुनाशिवाय काही चालायचं नाही, आणि खून पहिल्या प्रकरणातच हवा, पुढे घरकाम असतं, असं तिचं म्हणणं. कोट शिवणारी एक जण मुखपृष्ठ बघून निवडायची आणि चित्रातल्या माणसाची कॉलर चुकलेली असली तर पुस्तक परत ठेवायची. ज्याला कॉलर कळत नाही त्याला माणूस काय कळणार, म्हणायची. रेडिओ या कपाटापासून त्या कपाटापर्यंत हिंडायची, हिला हे दे, तिला ते दे. बाहेर पडताना प्रत्येकीच्या पिशवीत शिवणाच्या सामानावर एक पुस्तक असायचं आणि रस्ताभर कुणाचं किती जाड यावरून चिडवाचिडवी.

काजवाली कधीच काही घ्यायची नाही. तिला वाचता यायचं, पण ओळीखाली बोट धरून, सावकाश. “मला कशाला? माझी वाचणारी आहे की,” म्हणायची, आणि रेडिओला ते एखाद्या दागिन्यासारखं वाटायचं.

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्यात काजवालीची धाकटी बहीण आजारपणात गेली. काजवाली चार दिवस आली नाही, पाचव्या दिवशी आली आणि स्टुलावर बसून काज करू लागली. त्या वर्षअखेरीला वाचन चाललं होतं एका लांबलचक कादंबरीचं. समुद्राकाठी दीपस्तंभ राखणाऱ्या तीन बहिणी. मधली सारखी हसवायची, आणि खोलीतल्या सगळ्या जणी तिच्यावर जीव टाकून बसल्या होत्या. सुट्टी लागली तेव्हा ही मधली वादळात होडी घेऊन निघाली होती. कपाट लावण्याचं काम त्या दिवशी रेडिओकडे आलं, आणि तिला मोह आवरला नाही. पुस्तक शालीखालून घरी गेलं.

मधली बहीण परत येत नाही, हे तिने सुट्टीत एकटीने वाचलं. त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त डोळ्यांपुढे येत राहिली ती काजवाली. हे मी तिला वाचून दाखवायचं? शेजारी बसून?

सुट्टी संपली, शिवणखोली उघडली, आणि रेडिओने वादळातून होडी परत आणली. पानावर डोळे ठेवून, न अडखळता, तिने मधल्या बहिणीला किनाऱ्यावर उतरवलं, भिजलेले केस पुसायला दिले, तिच्या तोंडी एक विनोदसुद्धा घातला. पुढची प्रकरणं तिने अशीच, रोज रात्री मनात जुळवून, वाचली. खोली हसली, सुखावली. पुस्तक वाचनालयात परत गेलं. काजवाली म्हणाली, की इतकं सुंदर पुस्तक आजवर ऐकलं नव्हतं.

पुढच्या नाताळात वरात वाचनालयात गेली, तेव्हा काजवालीने पहिल्यांदा स्वतःसाठी पुस्तक मागितलं. तेच हवं, म्हणाली. पुन्हा एकदा, आपलं आपण, सावकाश वाचीन. रेडिओने हरतऱ्हेने अडवून पाहिलं. जाड आहे, अक्षर बारीक आहे, तुला ठाऊकच आहे की सगळं. काजवाली हसून म्हणाली, ठाऊक आहे म्हणूनच. ग्रंथपालांनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. त्या सुट्टीचे दिवस रेडिओने कसे काढले ते तिचं तिला माहीत.

कामाच्या पहिल्या दिवशी काजवाली सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तिने आवाज चढवला नाही.

“माझी बहीण गेली तेव्हा कुणी शेवट बदलला नाही गं. ते मी सोसलं. आणि हे पुस्तकातलं मला सोसलं नसतं, असं वाटलं तुला?”

काजवाली स्टुलावरून उठली.

“सगळ्या मिळून रडलो असतो. इथे, काम करता करता. मी स्वयंपाकघरात एकटी रडले, घरात पाहुणे भरलेले असताना.”

तिने स्टूल उचललं आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं. वाचन थांबलं नाही. रेडिओच्या दुमडीही ती पूर्वीसारख्याच उचलत राहिली. पण दोरा आखूड ओढला जाण्याचा तो आवाज खिडकीपासून ऐकू येत नसे, आणि ‘पुढे काय गं’ असं काजवालीने नंतर कधी विचारलं नाही. पुढे मालकीणबाई थकल्या, वरच्या खोलीतही मशिनं आली, बायका पांगल्या. कुणाच्या घरच्या कार्यात दोघी भेटत, तब्येतीची चौकशी करत, आणि तेवढंच.

वाचनालयात आता एक तरुण बाई ग्रंथपाल होती. सुट्टीत वाचनालय बंद असतं म्हणून एका कार्डावर तीन पुस्तकं मिळतील, तिने सांगितलं. रेडिओ कपाटापुढे उभी राहिली आणि तिला कळलं, की आपल्याला माहीत असलेलं एकही पुस्तक चालणार नाही. ज्याचा शेवट आपल्याला ठाऊक आहे ते घेऊन काजवालीपुढे कोणत्या तोंडाने बसायचं? नवंच हवं. आणि नवं म्हणजे उघडायचंसुद्धा नाही.

न उघडता पुस्तक निवडणं तिने जन्मात केलं नव्हतं. तिने एकेक पुस्तक हातात घेऊन वजन पाहिलं. पाठीवर बोट फिरवून शिवण पाहिली. मोठ्याने वाचायचं तर पुस्तक उताणं पडून राहिलं पाहिजे, नाहीतर अंगठा दुखून येतो. मागची तारखांची चिठ्ठी बघायला मागचं आवरण तेवढं नखाने उचललं. लोकांनी उशिरा परत केलेलं पुस्तक चांगलं, असा तिचा जुना हिशेब होता.

“आजी, हे छान आहे,” ग्रंथपालबाई मदतीला आली. “यात तो पूल बांधणारा मिस्त्री असतो ना, त्याचा मुलगा…”

“नको, नको सांगू,” म्हणत रेडिओने खरोखरच कानांवर हात ठेवले. मग तिलाच हसू आलं. तिने तेच पुस्तक घेतलं. वजनाला बरं होतं आणि पाच जणांनी उशिरा दिलं होतं. बाकीची दोन कार्डावर तशीच राहू दिली. एक नको म्हटलेलं न्यायचं तेवढं पुरे.

काजवालीची खाट खिडकीजवळ होती. ती बरीच वाळली होती, पण नजर तीच. मुलगा, सून, पोरं निरोप घेऊन निघाली. बाई संध्याकाळचं आवरून गेली. दोघींनी चहा घेतला, पायाला कुठे दुखतं ते झालं, नातवंडांचं झालं. मग काजवालीची नजर पिशवीवर गेली.

“आणलंस ना.”

“आणलं. उघडलेलं नाही.”

“तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

“ठेवू नकोस,” रेडिओ म्हणाली. “मीसुद्धा ठेवला नसता.”

काजवालीने हात पुढे केला. रेडिओने पुस्तक तिच्या हातात दिलं. उशाशी चष्मा होता, तो तिने लावला, पुस्तक पालथं करून मागून उघडलं आणि शेवटच्या प्रकरणात, ओळीखाली बोट धरून, ती वाचू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रेडिओ मांडीवर हात ठेवून बसून राहिली. बाहेर अंधार पडला, तिने उठून दिवा लावला, पुन्हा येऊन बसली. काजवालीचं बोट पान उतरत होतं. चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून रेडिओने खूप निरखलं. काही कळलं नाही. शेवटच्या ओळीखाली बोट थांबलं, तिथेच जरा टेकलं. मग तिने पुस्तक मिटलं, सरळ केलं आणि रेडिओकडे दिलं.

“वाच आता. मला माहीत आहे काय होतं ते. इकडचं तिकडे केलंस तर कळेल.”

“आणि मला?”

“तुला आधी नाही कळणार. रात्री पुस्तक माझ्या उशीखाली राहील.”

रेडिओने पहिलं पान उघडलं. सुरुवातीला आवाज खरखरला, तेव्हा काजवाली म्हणाली, की घे, झाला हा पण नादुरुस्त. पण दुसऱ्या पानावर तो लागला. मिस्त्री आला, त्याची चिडकी बायको आली, त्यांचा खोडकर मुलगा आला. मुलगा मालकाच्या गाढवावर बसून पुलाच्या अर्ध्या कमानीपर्यंत जातो आणि गाढव मागे वळायला तयार होत नाही, असा एक प्रसंग होता. रेडिओने गाढवाचा आवाजसुद्धा काढला. वाचता वाचता ती स्वतःच हसत सुटली आणि हसत हसत तिने वर पाहिलं.

काजवालीही हसत होती. पण एका हाताने तिने पांघरुणाची कड धरली होती आणि बोटांत ती आखूड आखूड ओढत होती.

रेडिओचं हसू ओसरलं. तिने पानावर नजर नेली, पुन्हा वर आणली.

“त्याला काही होतं का गं? मुलाला?”

काजवालीने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

“इकडे ये जरा, जवळ बस,” ती म्हणाली. “आणि वाच.”