अक्काने माझ्या देवाला सांगितलं

सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनचा एक लहान दवाखाना होता. तो सांभाळायला जाशील का, असं धुळ्याच्या आमच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं. त्यांनी सरळ हुकूम केला असता तर बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "प्रार्थना कर आणि तूच ठरव. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही." मी परिचारिका, आईवडिलांविना मिशनच्या वसतिगृहात वाढलेली. नाही म्हणायची सवयच नव्हती. मी 'हो' म्हटलं आणि मनातून देवाशी अबोला धरला.

गावात दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. माणसं यायची, औषध घेऊन जायची. रविवारी मी दार लोटून एकटीच गीत म्हणायची आणि दुसऱ्या कडव्यावरच थांबायची. 'तुझी इच्छा' हे शब्द ओठांवर असायचे, मनात नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मला ताप आला. सकाळी कसंबसं दार उघडलं आणि खाटेवर पडले, ती उठताच येईना. समोरच्या घरातली म्हातारी अक्का डोळ्यांत घालायचं औषध न्यायला आली होती. मला पाहून ती शेतात गेलीच नाही.

"अक्का, तुम्ही जा. तुमचं काम राहील," मी म्हटलं.

"तू बठ्ठा लोकेस्ले सांगस, औषध ल्या, पडी ऱ्हा. आते तू मन्हं ऐक."

तिने पेज पाजली, मी प्यायले. कूस बदलायला सांगितलं, बदलली. आयुष्यभर मी सांगितलेलं ऐकतच आले होते. पण हातचं काही राखून न ठेवता ऐकणं मला त्या दिवशी प्रथम जमलं.

दुपारी ताप चढला. शब्द फुटेना. अक्काने भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं. "तुना देवले मी सांगू का?" मी मान हलवली. तिने हात जोडले. "देवा, हाई पोर आठे एकली शे. ध्यान ठेव."

एवढंच. मी इथे एकटी आहे, हे जे मी त्याला कधी बोललेच नव्हते, ते तिने सांगून टाकलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मनात म्हटलं, प्रभू, इथे ठेवायचं असेल तर ठेव.

मी बरी झाले आणि काही दिवसांतच डॉक्टरबाई जीप घेऊन आल्या. दवाखाना बंद करायचं ठरलं होतं. "मला इथेच राहू द्या," मी विनवलं. त्या हळूच म्हणाल्या, "या वेळी विचारत नाही गं. सामान भर."

मी भरलं. वाईट फार वाटलं, पण कुरकुर उठली नाही. अक्का जीपपर्यंत आली. "जाय पोरी. तठे बी कोनी ना कोनी व्हई."

आज मी धुळ्यात वॉर्डमध्ये काम करते. राहते एकटीच. काही संध्याकाळी खोली अंगावर येते, तेव्हा तसं देवाला सांगते. त्याने ठेवलं तिथे मी आहे. तरीही हे राहणं माझं स्वतःचं आहे, कुणी लादलेलं नाही. एवढं कळलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.