लान्स नायक सलीम आणि डायना

त्या वर्षी माझी पोस्टिंग जम्मूच्या डोंगराळ भागात होती. मी फौजेत हवालदार, डॉग हँडलर. गाव अकोट. माझी कुत्री डायना चार वर्षांची लॅब्रॅडोर, स्फोटकं हुंगायला शिकलेली. माझा कव्हर मॅन लान्स नायक सलीम, बाळापूरचा. चालताना मी कुत्रीकडे बघायचो आणि तो झाडीकडे. आम्ही वऱ्हाडीत बोलायचो. पलटणीत तिसऱ्या कोणाला ते कळत नसे.

सकाळी सहाला पायवाटेची तपासणी सुरू झाली. सहा चाळीसला डायना खाली बसली. वास लागला की ती तशी बसते. मी हात वर केला, तेवढ्यात समोरच्या कड्यावरून फायर आला. डायनाच्या मागच्या पायाला गोळी लागली. मी उघड्यावर, पट्टा धरून तिला ओढत होतो.

"भाऊ, पट्टा सोडा! मांगं या!" सलीम दगडाआडून ओरडला.

मी सोडला नाही. मला कव्हर द्यायला तो बाहेर आला. मी आणि डायना आडोशाला पोचलो, तो पोचला नाही.

रेडिओवर मी कळवलं, "एक जवान सीरियस. एक डॉग जखमी."

"जवान होश में है?"

"नहीं, साहब."

हेलिकॉप्टर सात पंचवीसला आलं. सलीम त्याआधीच गेला होता.

डायना वाचली. पेपरात तिचा फोटो छापून आला. खाली माझं नाव होतं, सलीमचं नव्हतं. सुटीवर आलो तर अकोटच्या एसटी स्टँडवर लोक विचारत, "कुत्री कशी हाये आता?"

बाळापूरला सलीमच्या अम्मीकडे गेलो. जे घडलं ते सगळं सांगितलं.

"काहून नाई सोडला पट्टा?" त्यांनी विचारलं.

"सुचलंच नाही, अम्मी. माझ्या कुत्रीपायी गेला तो."

 त्या म्हणाल्या, "कुत्रीसाठी नाई गेला, बेटा. तिथं तू होता म्हणून गेला."

आता शाळा-कॉलेजांत मला डायनाची गोष्ट सांगायला बोलावतात. माणसापेक्षा जनावर बरं, असं कोणीतरी म्हणतंच. मी वाद घालत नाही. उभा राहतो आणि सांगतो: लान्स नायक सलीम, वय सत्तावीस, राहणार बाळापूर. हसरा माणूस होता. मला वाचवताना गेला.