ते बारीक बुडबुडे ताईचे होते

ताई गेल्याचा फोन आला आणि जासईहून पनवेलला पोचेपर्यंत तिच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. शोभेचे मासे विकणारा एक दुकानदार तिथेच उभा राहून लोकांना सांगत होता, "टाकीतली झाडं ताईंची, पण डिफ्युझर आपला हं!" ताई आत निजवलेली होती, म्हणून मी ओठ आवळून घेतले. त्याला महिना झाला. आता मात्र बोलणार. त्याचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला?

माझी थोरली बहीण विजया पोस्टात होती. तिच्या काचेच्या टाकीत मासे चार आणि झाडंच फार. पण ती झाडं सारखी पिवळी पडायची. माझे यजमान न्हावा शेवा बंदरात कामाला. जहाजावरच्या कुणीतरी दिलेलं एक परदेशी मासिक त्यांनी तिला आणून दिलं. त्यात वाचून तिने प्लास्टिकच्या बाटलीत साखरेचं पाणी आणि यीस्ट घातलं, बुचातून सलाइनची नळी काढली. झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड तयार! पण तो पाण्यात विरघळायला हवा ना? हवेच्या पंपाचा दगड लावला, तर मोठाले बुडबुडे भसाभस वर येऊन फुटायचे. नळीवर वाटी उपडी घातली, तर झाडांपर्यंत फारसं काही पोचेना. वायूचे अगदी बारीक बुडबुडे करणारा, मासिकातला काचेचा डिफ्युझर इथे कुठे मिळायला... शेवटी एका रविवारी तिने स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरची कँडल काढून फोडली. "अगं, प्यायचं पाणी!" म्हणून भावोजी ओरडले. "उकळून देते," ती म्हणाली. कँडलचा एक तुकडा छोट्या झाकणावर पक्का चिकटवून तिने नळी जोडली आणि मला फोन करून रिसीव्हर टाकीपाशी धरला. "ऐक!" मी कान देऊन ऐकलं. "काहीच येत नाही गं ऐकू." "तेच तर! इतके बारीक आहेत!"

माझी बहीण भोळी. दुसऱ्याच दिवशी तिने या दुकानदाराला घरी बोलावून सगळं दाखवलं, वर उरलेल्या तुकड्याचा एक डिफ्युझर करूनही दिला. दोन महिन्यांनी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं, तर याच्या टाकीत तोच डिफ्युझर आणि वर पाटी, 'आमचा शोध'. पहिलं बक्षीसही त्यालाच. ताई समोर उभी, आणि हा पाहुण्यांना सांगतोय, "या आमच्या जुन्या गिऱ्हाईक." मेल्याची जीभ कशी झडली नाही! "जा, सगळ्यांसमोर सांग," म्हणून मी ताईला ढोसत होते. ती म्हणाली, "विकू दे की." मला तिचाच राग आला.

मग गंमत सुरू झाली. याने स्वतः करून विकायला काढलेले डिफ्युझर चालेनात. वायू बाहेरच पडेना, नळी सटासट सुटायची. हा ताईकडे यायचा, चहा प्यायचा, विचारायचा, "ताई, चुकतंय कुठे?" "कँडल चांगली बघून घ्या हो," ताई अगदी शांतपणे सांगायची. हा अजून महाग, अजून जाड कँडल आणायचा. तो गेला की ताई दार लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. खरं काय ते तिने फक्त मला सांगितलं होतं.

परवा तो मला बाजारात गाठून म्हणाला, "ताईंची वही वगैरे आहे का हो?" "रविवारची पुरवणी वाचा," मी म्हटलं.

तर वाचा, दुकानदारसाहेब. नवी कँडल चालत नाही. यीस्टच्या वायूला तिच्यातून ढकलून निघण्याएवढा जोर नसतो. घरातल्या बाईने दर आठवड्याला नळाखाली घासून घासून वर्षानुवर्षांत झिजवलेली कँडल लागते. तुम्ही आयुष्यात एकदा तरी ती हातात घेतली असतीत, तर कळलं असतं. वाचकहो, तुमच्या ओट्यावर ती आहेच. नवी आणाल तेव्हा जुनी टाकू नका, एक तुकडा काढून घरीच करा. दुकानात जाऊ नका. एकही जण जाऊ नका.

ताई असती तर म्हणाली असती, "सुमे, पुरे गं आता." नाही ताई. मला नाही पुरत.