एकोणपन्नास दिवस, सतरा तास, दोन मिनिटं

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तळमजल्यावर एक कॉम्प्युटर आहे. त्याच्या पडद्यावर तीन टाक्या निळ्या पट्ट्यांनी दिसतात. पट्टी वर चढली की पंप बंद करायचा, खाली उतरली की चालू. एवढंच काम, पण ते चुकलं तर अर्धी वस्ती कोरडी आणि उरलेल्या अर्धीच्या दारात तळं. या कॉम्प्युटरची देखभाल ज्या करतात, त्यांना, यंत्राची नाडी ओळखतात म्हणून, सारं ऑफिस नाडीबाई म्हणतं.

बाई मुळात टायपिस्ट म्हणून लागल्या. कॉम्प्युटर आला तेव्हा मोठमोठे साहेब त्याच्यापासून चार हात लांब राहिले आणि तो बाईंच्या गळ्यात पडला. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर शून्य. पण शिकलेल्यांपैकी कुणालाही जे सुचलं नाही ते त्यांनी केलं. वही ठेवली. कधी सुरू केला, कधी अडकला, अडकताना पडद्यावरचं घड्याळ किती वाजता थांबलं, सगळं मिनिटासकट. कारण तो अडकायचा. पट्ट्या जागच्या जागी थिजायच्या आणि टाकी भरून वाहायची. कंपनीचे इंजिनियर तीनदा येऊन गेले. एकाने वायरी बदलल्या, दुसऱ्याने पंखा, तिसऱ्याने खोलीतल्या उकाड्यावर खापर फोडलं. शेवटी तिघांनीही हात टेकले.

बाईंनी मात्र वहीतले दिवस मोजले. हा गडी एकदा सुरू केला की एकोणपन्नास दिवस नीट चालतो आणि पन्नासाव्या दिवशी डोळे पांढरे करतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून दर अठ्ठेचाळिसाव्या दिवशी त्या स्वतःच त्याला बंद करून पुन्हा चालू करतात. बारा वर्षं झाली, पठ्ठ्या एकदाही अडकलेला नाही. हे ऐकून इंजिनियर हसले होते. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि वही कपाटात ठेवली. घरीसुद्धा हे कधी सांगितलं नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटायचं.

त्या शनिवारी दुपारी त्यांची लेक ऑफिसात आली. कॉम्प्युटरच्या डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. तिने टेबलावर एक कागद ठेवला. कॉलेज सोडण्याचा अर्ज होता आणि खाली पालकांची सही हवी होती. बाईंनी तो दोनदा वाचला.

"दोन वर्षं नुसती कागदावर आकडेमोड चाललीय," लेक म्हणाली. "कुठला आकडा किती खणांत मावतो, हे शिकून आयटीत कोण नोकरी देणार? मैत्रिणी सहा महिन्यांचा कोर्स करून कामाला लागल्यासुद्धा. आणि तुझ्याकडे तरी कुठे आहे डिग्री? तुझं अडलं का काही?"

पोरीने आईचाच दाखला आईच्या तोंडावर फेकला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "आज याचा अठ्ठेचाळिसावा दिवस आहे. आधी याला झोपवते, मग सहीचं बघू."

त्यांनी तिन्ही टाक्यांवरच्या पंपवाल्यांना फोन लावला. "दहा मिनिटं डोळ्यांनी बघा रे, पडदा बंद करतेय." मग बटण दाबलं. पट्ट्या विझल्या.

"अठ्ठेचाळीसच का?" लेकीने विचारलं.

"एकोणपन्नासच्या पुढे फार जात नाही तो. का, ते देवाला ठाऊक."

"एकोणपन्नास?" लेकीच्या कपाळाला आठी पडली. तिने पेन उचललं, हाताशी आलेला कागद पालथा केला आणि त्यावर भराभर बत्तीस खण पाडले. "हे बघ. याच्या आतलं घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजत असणार. तो आकडा ठेवायला बत्तीस खण, प्रत्येकात शून्य किंवा एक. खण भरले की आकडा पुन्हा शून्यावर. मग याला कळेना, की वेळ मागे कशी गेली." भागाकार करत ती कागदाच्या तळाशी पोचली. "एकोणपन्नास दिवस, सतरा तास, दोन मिनिटं. आई, अडकला होता तेव्हाची एखादी जुनी नोंद काढ. सुरू कधी केला तेवढंच वाच."

बाईंनी कपाटातून वही काढली. तेरा वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि अर्धी ओळ तळहाताने झाकली. "संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं."

लेकीने बोटांवर मोजलं. "मग पन्नासाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी अडकला."

बाईंनी हात उचलला. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, पन्नासावा दिवस, ११.०७.

तेरा वर्षांपूर्वी या खोलीत त्या एकट्या होत्या आणि ही पोर तेव्हा बाराखडी गिरवत होती. तिला हे मिनिट कुठून कळलं? त्या नुसत्या लेकीकडे बघत राहिल्या. आणि लेक वहीकडे. पान उलट, मोज, पुन्हा उलट. प्रत्येक नोंद जुळत होती.

"तू हे नुसतं लिहून लिहून शोधलंस?" लेकीने वहीवरची नजर न काढता विचारलं. "कुणी काही न शिकवता?"

"तो कधी अडकतो, तेवढंच मला कळलं होतं गं. का अडकतो, ते आज कळलं." बाईंनी डोळे पुसले. "पुढच्या वर्षी नवं मशीन येतंय. त्याचा आकडा वहीतून काढायचा तर परत किती वर्षं जातील? माझी नोकरी उरलीय सहा वर्षं. तू तो बसल्या जागी काढशील."

बाईंनी बटण दाबलं. पट्ट्या एकेक करून परत आल्या.

आता कुठे लेकीचं हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. तो अर्जच होता.

"दुसरा आणणार आहेस का?" बाईंनी विचारलं.

लेकीने टेबलावरची डिंकाची बाटली ओढली, अर्जाच्या छापील बाजूला डिंक फासला आणि तो तेरा वर्षांपूर्वीच्या त्या पानासमोर वहीत चिकटवला. सहीची रिकामी रेघ खाली दबली, आकडेमोड वर राहिली. तिने पेन आईपुढे धरलं. बाईंनी आकडेमोडीखाली तारीख घातली आणि सही केली.