आंब्याचा भिरूड

आमचे हे अंबरनाथला लाकडाच्या वखारीत होते. परदेशातून आलेल्या लाकडात कीड आहे का, असली तर कुठली, हे ओळखायचं काम. जेवतानासुद्धा तेच. लांब मिशांचे भुंगे कसे असतात, त्यांच्या अळ्या लाकूड आतून कशा पोखरतात. मी म्हणायची, "अहो, आमटी निवतेय, तुमचे भुंगे कुठे उडून जात नाहीत!" मामंजी मात्र कान देऊन ऐकायचे. तिथेच घात झाला.

बदलापूरला आमच्या परसात सासूबाईंनी लावलेला आंबा होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नव्हत्या. मामंजी त्या बुंध्याला हात लावल्याशिवाय शेतावर जायचे नाहीत. त्याच झाडाखाली त्यांनी एका सिंधी सुताराला जागा दिली होती. फाळणीत सगळं तिकडे टाकून आलेला, उल्हासनगरच्या छावणीत बायकोही वारलेली. कारखान्यांत यंत्रं ज्यांतून यायची ती परदेशी देवदारी खोकी तो विकत आणायचा आणि फोडून पाट, स्टुलं करायचा. मला 'अदी' म्हणायचा, म्हणजे ताई. मला सख्खा भाऊ नाही, फार गोड वाटायचं ते.

एका वर्षी आंबा वाळायला लागला. बुंध्यातून भुसा गळायचा. आणि एका सकाळी सुताराच्या फळ्यांवर हा एवढा थोरला भुंगा, अंगापेक्षा मिशा लांब! हे तेव्हा बंदरावर लाकूड तपासायला गेलेले. मामंजी कडाडले, "हाच तो परदेशी किडा! तुझ्या खोक्यांनी माझं झाड खाल्लं!"

मी म्हटलं, "मामंजी, हे येईपर्यंत तरी थांबा."

"तू आत जा," म्हणाले.

सुतार भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सगळ्या फळ्या आणि तयार स्टुलंसुद्धा बांधावर नेली आणि स्वतःच्या हातानं पेटवली. मग झाडापुढे हात जोडले आणि मामंजींना म्हणाला, "दादा, मेरा आम उधर छूट गया. इधर आके तुम्हारा मारा मैंने." हत्यारांची पिशवी उचलली आणि गेला. मी दारात रडत उभी.

भुंगा मी फुलपात्राखाली झाकून ठेवला होता. ह्यांनी आल्यावर उजेडात धरला. राखाडी अंग, मानेशी दोन तांबडे ठिपके. "हा कसला परदेशी? खोक्यांतला बारीक, काळपट असतो. हा आपल्या आंब्याचाच. भिरूड मोठा झाला की असा होतो."

मामंजींनी जन्मभर तारेनं बुंध्यातले भिरूड ओढून काढले होते. पण ती पांढरी गुबगुबीत अळी. तिला पंख फुटतात, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. 

दुसऱ्या दिवसापासून ते छावण्या धुंडाळू लागले. बराकीन् बराक, सुतारांची दुकानं. कोणी म्हणे अहमदाबादला गेला, कोणी म्हणे माहीत नाही. आंबा पुढच्या उन्हाळ्यात गेला. तोडला तेव्हा खोडात भिरडाच्या जुन्या वाटा निघाल्या, वरून नवं लाकूड भरून आलेल्या, सुतार यायच्या कितीतरी आधीच्या.

शेवटच्या आजारात मामंजींना माणसं ओळखू येत नव्हती. जो येईल त्याचा हात धरून म्हणायचे, "बाबा, तू नाही रे मारलंस माझं झाड."

आम्ही सगळे हो म्हणायचो. ज्यानं ऐकायला हवं होतं, तो तेवढा आला नाही.