वाळवंटातलं शिळं पाणी

सांगू का नको, सांगू का नको असं चाललं होतं, पण आता सांगूनच टाकते. कारण मी नाही सांगितलं तर आमचे हे सांगणार, आणि ते सांगतात तेव्हा माझा आवाज काढून सांगतात. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी, गार होतोय.

तर आम्ही राजस्थानच्या वाळवंटात गेलो होतो. आणि कशाने? मोटरहोमने! म्हणजे चाकांवरचं घर हो. आत ओटा, गॅस, फ्रीज, चौघांची झोपायची सोय, आणि एवढंसं का होईना पण संडास-बाथरूम. कल्पना माझ्या मुलाची, निखिलची, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोची, सायलीची. दोघांना वाटलं, लग्नाआधी दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकमेकांना नीट ओळखावं. म्हणून आम्हा चौघांना एका गाडीत कोंबलं आणि स्वतः पुण्यात मजेत राहिले. हुशार कार्टी!

जोधपूरला गाडी ताब्यात घेतली. चालवायला आमचे व्याही. फॅक्टरीतून नुकतेच रिटायर झालेले, कसलंही स्टिअरिंग हातात द्या, माणूस खूश. विहीणबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या बुलढाण्याकडच्या, आता वाघोलीला राहतात. आवाज असा की गाडीचा हॉर्न आम्हाला फारसा लागलाच नाही.

आता खरी गोम ऐका. लग्न ठरलं होतं, पण लग्न कुठे करायचं ते ठरत नव्हतं. विहीणबाई म्हणत होत्या, आमच्या गावी. मला हवं होतं पुणं. एकुलता एक मुलगा, माझं सगळं गणगोत कोथरूड-कर्वेनगरात, त्यांनी बुलढाण्यापर्यंत कधी जायचं? निघतानाच मी ह्यांना बजावलं होतं, "बघाच, परत येईपर्यंत विहीणबाईंच्या तोंडून पुणं वदवून घेते की नाही."

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू कमी बोल. त्या आपोआप वदतील."

पण मी कशाची कमी बोलते? पहिल्याच दिवशी मी माझा हुकमी पत्ता टाकला. झालं असं, की विहीणबाई पाण्याच्या बाबतीत फारच चिकट. गाडीला पाण्याची चांगली मोठी टाकी होती, जोधपूरला काठोकाठ भरून घेतली होती. पण या बाई दात घासायला एक पेला पाणी घेणार, आणि त्यातलंही उरवणार! ताटं तर बाहेर नेऊन वाळूने घासायच्या आणि मग नुसती ओल्या फडक्याने पुसायच्या.

मी म्हटलं, "अहो विहीणबाई, टाकी भरलेली आहे."

"भरलेली आहे म्हणूनच जपून राहिले ना," त्या म्हणाल्या. "आमच्या गावी नळ आठवड्यानं येते."

सापडल्या की नाही तावडीत? मी लगेच म्हटलं, "तेच म्हणते मी! एवढं वऱ्हाड येणार, पंगती उठणार, पाण्याशिवाय कसं व्हायचं? आमच्या कर्वेनगरात बघा, रोज सकाळी ताजं पाणी. पाण्याचं नियोजन माझ्यावर सोडा. माझ्या हाताखाली पाण्याचा कधी घोटाळा झालेला नाही."

विहीणबाई विचारात पडल्या. मला तर कार्यालयाच्या दाराला लावलेली तोरणं दिसायला लागली.

आता मला एक सांगा. सकाळी नळ आला की तुम्ही पहिलं काय करता? कालचं पाणी ओतून देता ना? पिंप उपडं, कळशी उपडी, घासून लख्ख, आणि मग ताजं पाणी. माझ्या आईने हेच केलं, मीही जन्मभर हेच करत आले. कालचं पाणी म्हणजे शिळं! आणि उधळी नाही हं मी. शिळं पाणी कुंड्यांना जातं, त्यातूनही उरलं तर जिना धुवायला.

तर जैसलमेर सोडून आम्ही पार आत गेलो, आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. चहूकडे वाळू. लांबवर चार-सहा घरांची वस्ती. गाडीशेजारी गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद, ठणठणीत कोरडा. बाकी काही नाही.

सकाळी मला नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी जाग आली. खिडकीचा पडदा सरकवला, तर काय दिसावं? वस्तीपाशी स्टीलचा चकचकीत टँकर उभा! आणि त्याच्याभोवती घुंगट घेतलेल्या बायका, प्रत्येकीजवळ कळशी नाहीतर कॅन!

झालं. पुण्याच्या बाईला आणखी काय सांगावं लागतं? पाणी आलं!

मी उडीच मारली. टाकीतलं पाणी जोधपूरचं, म्हणजे शिळ्याहून शिळं. ते ओतल्याशिवाय ताजं घेणार कुठे? बाहेर आले, टाकीच्या खालच्या तोटीला पाइप जोडला आणि दुसरं टोक सोडलं त्या कोरड्या हौदात. म्हटलं, झाडं नाहीत तर नाहीत, गुरांच्या तरी मुखी लागेल. तेवढ्यात किटली उपडी केली. बाटल्या उपड्या केल्या. विहीणबाईंनी उशाशी जपून ठेवलेली तांब्याची कळशी होती, तीही ओतली, आणि वर लिंबू-मीठ लावून अशी लखलखीत घासली की बस्स. मनात म्हटलं, बघू देत जरा, पुण्याची शिस्त काय असते ती.

मग मी बादली घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिले. रांगेत पहिली. रांगेत दुसरं कोणीच नव्हतं, पण सवय!

टँकर आला. मी हात आडवा केला.

"भैया, पाइप इधर डालो. टाकी एकदम खाली करके रखा है."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. "किसलिए, बहनजी?"

"किसलिए म्हणजे? पानी के लिए!"

"इसमें तो दूध है."

"दूध?"

"दूध. गाँव-गाँव से जमा करते हैं. डेअरी जाता है."

अहो, त्या बायका कळशा भरून घेत नव्हत्या, रिकाम्या करत होत्या! मला एवढंही कळलं नाही. "पानी का टँकर कब आएगा?" मी विचारलं. तो हसला आणि गेला. हसण्याचा अर्थ मला लागला.

मग आठवला हौद. आहे की पाणी! बादलीने उपसून टाकीत परत भरू, कुणाला पत्ता लागायचा नाही. वळले, आणि बघते तर हौदाला मेंढ्या लागलेल्या. थोड्याथोडक्या नाहीत, अख्खा कळप! कुठून आल्या, कधी आल्या, देव जाणे. मी बादली घेऊन आत घुसले. "हट्! हट्! ए बाई, सरक!" मेंढीला बाई म्हटलं मी! पण पाण्यापुढे मेंढी कुणाचं ऐकते? तेवढ्यात दोन उंटही आले. उंटापुढे मी काय करणार? बाजूला झाले.

मागून त्यांचा धनगर आला, मोठा लाल फेटा, पिकलेल्या मिशा. आता हा भांडणार म्हणून मी पदर खोचला. तर त्याने चक्क वाकून हात जोडले!

"बाईसा, बहुत बड़ा पुन्न किया आपने. हौद कब से सूखा पड़ा था. मुसाफिर तो बूँद नहीं देता, आपने पूरा भर दिया."

आणि नेमक्या त्याच वेळी गाडीच्या दारात विहीणबाई! तोंडात ब्रश. धनगर काय म्हणाला ते सगळं त्यांनी ऐकलं.

बोला, तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगितलं असतंत? मीही सांगणारच होते हो. पण तोंडातून शब्द निघाले ते असे, "उसमें क्या है भैया, हमारे पुणे में ऐसाही करते हैं."

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच काय ते आता आमच्याकडे उरलं होतं!

"विहीणबाई," त्या माझा हात धरून म्हणाल्या, "मी तुम्हाला उगाच नावं ठेवून राहिली होती. माणूस स्वतःच्या तोंडचं पाणी मुक्या जनावराला देते म्हणजे काय! माही सायली चांगल्या घरी चालली. ठरलं बाप्पा, लग्न पुण्यातच करू. माहा शब्द आहे."

ऐकलंत? पुणं! वदल्या! मी ह्यांना हाक मारणार, एवढ्यात गाडीच्या आतून व्याह्यांचा आवाज आला.

"अहो, पाणी गेलं!"

बाथरूममध्ये होते बिचारे. नळात उरलेल्या धारेवर अंग ओलं करून, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून उभे.

आणि मी काय म्हणावं? सवय हो, जन्माची सवय! मी ओरडले, "वॉचमनला सांगा, मोटर लाव म्हणावं!"

एक उंट तेवढा मान वळवून माझ्याकडे बघत होता.

विहीणबाई आत गेल्या. नळ फिरवल्याचा आवाज आला. किटलीचं झाकण वाजलं. मग त्या कळशी घेऊन बाहेर आल्या. उन्हात नुसती झळकत होती!

"ही कोनं घासली?"

"मी."

"अन् आतलं पाणी?"

मी मेंढ्यांकडे पाहिलं.

"पुन्न एवढं काऊन केलं, की घरात थेंब नाही ठेवला?"

मग सांगावंच लागलं. शिळं पाणी, टँकर, बादली, सगळं. लग्न तर आता बुलढाण्याला गेलंच, पण सुनेच्या माहेरी माझी काय अब्रू राहणार या विचाराने रडूच यायचं बाकी होतं. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "विहीणबाई, आमच्या वाघोलीत रोज टँकरच येते, तिथलं पोरगंसुद्धा सांगते, पाण्याचा टँकर कधी कोरडा दिसते का? तो तर गळतच येते! हा चकचकीत होता म्हणता, तेव्हाच नाही समजलं?"

आमचे हे दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. "तिला कसं समजणार?" ते म्हणाले. "टँकर म्हटल्यावर ती धावायला लागते, बघायला थांबत नाही."

आतून पुन्हा आवाज, "अहो, डोळे झोंबतायत!"

शेवटी वाचवलं कुणी? त्या धनगराच्याच बायकोने. बाईसाने पुण्य केलं म्हणून तिने वस्तीवरून डोक्यावर माठ आणला, आणि वर मोठ्या लोट्यात दूध. माठातलं थोडं व्याह्यांच्या वाट्याला गेलं, तेवढ्यात त्यांचा निम्मा साबण निघाला. उरलेला टॉवेलने. दिवसभर माणूस अंग खाजवत गाडी चालवत होता, पण एका शब्दाने बोलला नाही. देवमाणूस!

मला एक पेला पाणी मिळालं. आणि बघा, एवढं सगळं होऊनही जीभ काही वळणावर येत नाही. पेला तोंडाला लावता लावता मी विचारलं, "ताजा है ना?"

ती बाई अभिमानाने म्हणाली, "हाँ जी! पिछली बारिश का है. टाँके में रखा हुआ."

गेल्या पावसाळ्याचं! घराजवळच्या जमिनीखालच्या टाक्यात वर्षभर साठवलेलं! मी पेल्याकडे बघत राहिले. विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्या जे हसायला लागल्या, जे हसायला लागल्या, की मेंढ्या बिथरल्या. मग मीही हसले. काय करणार? प्यायले. आणि खरं सांगू? गोड होतं हो. मी आणखी मागून घेतलं.

त्या दिवशी चहा निव्वळ दुधाचा झाला. ह्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा तुझ्या चहात पाणी नाही."

आता तुम्ही विचाराल, लग्नाचं काय? तर विहीणबाई शब्दाच्या पक्क्या. "पुणं म्हटलं म्हणजे पुणं," म्हणाल्या. "बाकी सगळं तुम्ही पाहा, मी बोट नाही लावत. फक्त पाणी माह्याकडे."

मला वाटलं, थट्टेत म्हणाल्या असतील.

लग्नाच्या दिवशी पाहते तर काय, कार्यालयात पाण्याच्या पिंपांशेजारी खुर्ची टाकून त्यांचे थोरले भाऊ बसलेले. धोतर, टोपी, हातात काठी. मंगलाष्टकं झाली, माझ्या घशाला कोरड पडलेली, अंगावर शालू, कपाळाला मळवट, वरमाई मी! पिंपाजवळ गेले आणि पेला उचलला. त्यांनी काठी आडवी धरली.

"निखिलच्या आई तुम्हीच ना?"

"हो."

"मग पिंपाला हात नका लावू. मी देतो."

अर्धाच पेला दिला. आणि मी तो पूर्ण पिऊन संपवेपर्यंत समोर उभे राहिले!